ओ देणारा तितर

१

कोजागिरीच्या उधाणाचं पाणी ओसरलं आणि जानू सापडला.

दिवाळ्याच्या खारबांधावर उघाडी आहे. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ते उचललं की खाडी शेतात शिरते, पाडलं की बाहेर राहते. ते दार राखणं हे जानूचं काम. सकाळी तो त्याच दाराखालच्या दगडी मोरीवर उताणा पडलेला दिसला. डोकं मागून फुटलेलं. बांधाच्या आत भात पिवळं व्हायला लागलं होतं, वाऱ्यावर डुलत होतं, जणू काही झालंच नाही.

त्याच्या उजव्या मुठीत एक मेलेला तितर होता. मान मुरगळलेली. पायात लाल दोरा.

गावाला दुसरं काही विचारायची गरज पडली नाही. लाल दोऱ्याचा तितर पंचक्रोशीत एकच, सुलेमान पारध्याचा बादशा. सुलेमान पारशिकच्या डोंगराखाली राहायचा. पहाटे बादशाचा पिंजरा रानात ठेवायचा. बादशा साद घाली, रानातले तितर भांडायला धावून येत आणि फाशांत अडकत. सगळं घर त्या एका पाखराच्या गळ्यावर चालायचं.

आणि त्या पाखराला लागायची वाळवी. वाळवीसाठी सुलेमान बांध उकरायचा. दोन दिवसांपूर्वी जानूनं त्याला उकरताना धरलं होतं.

"तुजे पाखराचे पोटासाठी माजा बांध फोडतंस?" जानू साऱ्या गावादेखत ओरडला होता. "परत दिसलास तं त्याची मान मुरगाळीन, मग तुजी."

"हात तर लाव," सुलेमान म्हणाला होता. तोही साऱ्या गावादेखत.

हिशेब सरळ होता. जानूनं पाखरू मारलं, सुलेमाननं जानूला मारलं. आदल्या संध्याकाळी त्याला बांधावर पाहणारेही निघाले. बेलापूरच्या फौजदारांनी त्याला धरलं तेव्हा तो "मी नाय" एवढंच म्हणाला. मग कुणीतरी सांगितलं, "तुझा बादशा मेला." सुलेमान मटकन खाली बसला, आणि त्यानंतर फौजदारांपुढं त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही.

गप्प बसला म्हणजे कबूल झाला, असं सगळ्यांनी धरलं.

२

मेलेला तितर त्याच दिवशी पनवेलला गुरांच्या दवाखान्यात पोचला होता. मान माणसाच्या हातानं मुरगळली की कुत्र्या-मांजरानं तोडली, एवढंच फौजदारांना हवं होतं. डॉक्टर जयदेवांनी पाखरू उघडलं, पाहिलं, "माणसाच्या हातानं" असं लिहून दिलं.

जयदेव अंगानं किरकोळ, बोलायला मऊ. आईच्या जात्यापाशी बसून ओव्या ऐकत वाढलेले. अजूनही काम करताना ओठांत काहीतरी घोळत असायचं. त्यांना एक खोड होती. ज्या जनावराच्या पोटात जंत सापडत, ते बाटलीत घालून फळीवर ठेवायचे. त्या तितराचेही ठेवले होते.

पाचव्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर एक बाई येऊन उभी राहिली. कडेवर पोर, डोळे रडून कोरडे झालेले.

"मी रशिदा. सुलेमानची घरवाली," ती म्हणाली. "डॉक्टरसाब, आमचं पाखरू द्या."

"कशाला, बाई?"

"ह्या नफिसाचे अब्बा कोठडीत एकच बोलले. त्याला माती दे, म्हनले. उद्या त्यांना ठाण्याला नेतायत. तिथून परत आनत नाय, म्हनतात. तेवढं तरी करीन."

जयदेवांनी पाखरू तेव्हाच पुरून टाकलं होतं. नुसतं 'नाही' म्हणवेना, म्हणून ते मागच्या खड्ड्याची जागा दाखवायला उठले. रशिदाची नजर फळीवर गेली.

"ह्या बाटलीत काय हाय?"

"त्याच्या पोटातले जंत. रानपाखरांना होतातच."

रशिदानं बाटली हातात घेतली, उजेडात धरली. आत पांढऱ्या सुतासारखे गोल जंत गुंता होऊन पडले होते. चांगले बोटभर वाढलेले.

"हे बादशाचे नाय," ती म्हणाली.

"बाई, मी माझ्या हातानं काढलेत."

"काढले असतील. बादशाचे नाय. आमी दर अवसेला त्याला पळसपापडी देतो, पळसाचं बी. कुटून, गुळात गोळी करून. जंत झाला की तितर मान पाडतो, साद घालीत नाय. साद नाय तर आमच्या चुलीत जाळ नाय. मी सोता देते. ह्या अवसेला पन दिली."

जयदेव खुर्चीत बसले. अवस ते पुनव, पंधरवडा. पोट साफ झालेल्या पाखरात पंधरवड्यात एवढे जंत वाढत नाहीत. तेवढ्याला महिना-दीड महिना तरी लागतो.

त्यांनी डोळे मिटून ते पाखरू पुन्हा समोर आणलं. दोन्ही पायांवर काथ्यानं सोलवटल्याची खूण होती. लाल दोऱ्याखाली मात्र कातडी कोरी, जणू दोरा आत्ताच बांधलेला.

"बादशाला काथ्यानं बांधता?"

"त्याला? अल्ला माफ करो. तो तर नफिसाच्या मागं मागं चालतो, हाक मारली की ओ देतो. इकायचे तितर बांधतो आमी काथ्यानं."

"आणि खायला जवळा घालता?"

"मासळी? तिनं आवाज बसतो, डॉक्टरसाब."

मेलेल्या पाखराच्या गळ्याच्या पिशवीत तांदळाच्या कण्या होत्या आणि जवळा. जयदेवांनी बाटली हळूच फळीवर ठेवली.

"बाई," ते म्हणाले, "तुमचा बादशा मेलेला नाही."

३

फौजदारांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि हसले.

"डॉक्टर, कोर्टात मी काय सांगू? मर्डरची केस आहे, साहेब, पण आमचा साक्षीदार जंत आहे?"

"रानातला तितर कुणीतरी घरात बांधून ठेवला होता. त्याला जवळा घातला. मग मान मुरगळून, बादशाचा दोरा त्याच्या पायात बांधून जानूच्या मुठीत दिला. ज्यानं हे केलं त्यानं जानूला मारलं."

"पळसपापडी लागू नसेल पडली. आणि जवळा जानूनंच घातला असेल."

"दोरा कातडीला रुतलेला नव्हता."

"पाखरू कुठाय?"

"पुरलं."

"बघा." फौजदार माणूस वाईट नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. "गाव तापलंय. सुलेमानची झोपडी जाळू म्हणतात पोरं. मी त्याला उद्या सकाळी ठाण्याला पोचवणार. त्याच्या आत तुम्ही मला तो बादशा जिता दाखवा. मग मी तुमच्या जंतांना सलाम करीन."

बाहेर रशिदा थांबली होती. जयदेवांनी तिला विचारलं, "कोजागिरीच्या आधी जिते तितर कुणाकुणाला विकलेत?"

"तीनच गेले. एक इसाकभायला. एक जानूच्या बायकोला, गोजराला. एक दिवाळ्याच्या पाटलाच्या घरी."

इसाक सुलेमानचा चुलतभाऊ. बेलापूरच्या नाक्यावर मोटारी थांबत तिथं त्याची खानावळ होती. कढईपुढं घामानं निथळत उभा असलेल्या इसाकनं जयदेवांना पाहिलं आणि फडकं खांद्यावर टाकलं.

"या डॉक्टर. बकरी बघायला आलात की बकरा शोधायला?"

"तुम्हाला बादशा हवा होता म्हणे."

"कोणाला नको? दोनदा मागितला. सुलेमान म्हणाला, बायको माग, तितर नको मागू." इसाक हसला आणि मग त्याचं हसू गळून पडलं. "तवा हसलो होतो. आता घशाखाली घास उतरत नाय. लोक म्हनतात, भाऊ फासावर जाईल, पिंजरा इसाकच्या दारात येईल."

"तुम्ही विकत घेतलेला तितर?"

"त्याच दुपारी कापला. डायवर लोकांनी खाल्ला. सगळ्या नाक्याला विचारा."

"कापण्याआधी खायला काय घातलंत? जवळा?"

इसाकनं त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू कुणी मशिदीत चपला घालून आलं.

"पारध्याचा पोर हाय मी. तितराला जवळा? ते कोळ्यांच्या घरात, साहेब. कोंबडी असो, तितर असो, टाकला मूठभर जवळा." त्यानं कढई ढवळली. "संध्याकाळभर मी ह्या कढईपुढं होतो. पन तुमी दिवाळ्यात विचारा. आनि सांभाळून विचारा. तिथं आज हसनारं कोन नाय."

४

दिवाळ्यात ओल्या जाळ्यांचा आणि सुकत्या मासळीचा वास उन्हात उभा होता. जानूच्या दारात बायका बसल्या होत्या. डॉक्टरांना पाहून त्या उठल्या आणि वाट दिल्यासारख्या बाजूला झाल्या. पण एकीनंही 'बसा' म्हटलं नाही. कोण कुठं गेला आणि काय विचारून आला, हे वाऱ्याच्या आधी गावात पोचलं होतं.

गोजरा खांबाला टेकून बसली होती. कपाळ मोकळं.

"तुमी त्याला सोडवाया आलंव," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागलं.

"नाही, वहिनी. जानूला कुणी मारलं ते शोधायला आलोय. तो सुलेमान निघाला तर मी गप घरी जाईन."

तिनं मान हलवली. विचारा, अशी.

"तुम्ही रशिदाकडून तितर घेतला होता."

गोजरानं हात लांब केला. मागच्या पडवीत, रांजणाच्या सावलीत, काथ्यानं पाय बांधलेला तितर बसला होता. जिता.

"त्याला लय आवडायचा. म्हनला, उधान जाऊ दे, मंग सवडीन कापू. उधान गेला," ती म्हणाली. "आता कोन कापंल नि कोन खाईल."

जयदेव त्या पाखराकडे पाहत राहिले. तीनातले दोन लागले. एक पोटात गेला, एक इथं. उरला एक, पाटलाच्या घरचा. 

"उधाणाच्या दिवशी जानू काही बोलला होता? कुणाशी वाद?"

"उधानाला वाद रोजचाच. भरतीन जिताडी मासली वर येतान. गाववाले म्हनतान, दार उचल, पानी आत घे, जाली लावू. तो म्हनं, खारा पानी शिरला तं भात जलंल. कोनाचा ऐकला नाय त्यानं. धर्माबाबांचा पन नाय."

धर्मा पाटील हे गावचं मोठं माणूस. प्रेत पहिल्यांदा पाहिलं तेही त्यांनीच.

"बाबा रागावले असतील."

"रागावले? देवमानूस हाय तो." गोजराचे डोळे पहिल्यांदा भरले. "जानू गेल्यापासून रोज पाहाटचे टाल कुटतान. जल्मात कवा देवलान बसले नाय, पन आता तांबडा फुटला की घरान टाल घेतान. जानूच्या नावान. सारा आवाठ, सारा शेजार जागा होते."

"रोज पहाटे?"

"एक दिस चुकला नाय."

जयदेवांनी हात जोडले आणि उठले. रस्त्यावर आल्यावर ते थांबले. समोर डोंगरावरून एका रानतितराची साद आली, कतीतर, कतीतर, कतीतर. दिवसा असा एखादाच, पण तितर खरी साद घालतो ती तांबडं फुटताना. आणि एकदा सुरू झाला की त्याचा गळा साऱ्या आळीला ऐकू जातो.

झाकून टाकायचा तर टाळच हवेत.

५

पाटलाच्या ओटीवर शेवंताबाई, धर्मा पाटलांची बायको, सुपात जवळा निवडत होती. मांडीला टेकून तीनेक वर्षांची पोर बसलेली. मोठे मोठे डोळे, ओठ घट्ट मिटलेले. शेवंताबाई सुपाच्या तालावर गुणगुणत होती,

"पाखरू पाळिलं, त्याला मोत्याची गं कणी,
हाकंला ओ देई..."

आणि तिथंच थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, पुन्हा तिथंच थांबली.

"त्याची मान मोडी कोणी," जयदेवांनी पायरीवरून ओळ पुरी केली. "माझी आई म्हणायची."

सूप हलायचं थांबलं. "डाक्तर होय. या. ती वळ आमी म्हनत नाय आता. घरान मुकी लेक हाय."

"ही?"

"नात माजी, सखू. तीन वरसांची जाली, अजून आई पन म्हनली नाय." शेवंताबाईनं पोरीचे केस मागे सारले. "आजा तिचा ह्याच एका दुक्खान झुरते. साऱ्या देवांना पुंजून जाला. रानचा पाखरू रानचा, तो खाल्ला तं पाप नाय. पन मानसाचे हाकंला ओ देनारा पाखरू मारला तं घराची वाचा जाते, म्हनतान. आमचे घरान आधीच गेलीय. म्हनून वळ पन नको."

जयदेव पायरीवरच बसले. आतापर्यंत एक गाठ सुटत नव्हती. ज्यानं माणूस मारला, त्यानं बादशालाच का मारलं नाही? त्याचा दोरा काढला, म्हणजे बादशा हातात होता. मान मुरगळायला क्षण लागतो. दुसरं पाखरू आणून दोरा बदलायचा खटाटोप कशाला?

आता त्या गाठीची उकल त्यांच्यासमोर, आजीच्या मांडीला टेकून बसली होती.

"रशिदाकडून तितर घेतला होतात ना," त्यांनी साधेपणानं विचारलं. "कसा निघाला?"

"बरा होता. सून तापान फनफनली होती, तिला रस्सा दिला."

आतल्या खोलीतून अशक्त आवाज आला. सून पुतळा अंथरुणावरून बोलत होती. "कंचा रस्सा, आत्ये? मना तं नुसती पेज दिलीव."

सुपातला एक जवळा जमिनीवर पडला. शेवंताबाई त्याच्याकडे पाहत राहिली.

"सुटला तो."

आवाज मागून आला. धर्मा पाटील अंगणात उभे होते. उंच, पिकल्या मिशा, खांद्यावर जाळं. "माझ्या हातून सुटला. घरवालीला लाज वाटली सांगायची, पाटलाच्या हातून पाखरू सुटलं म्हणून. तुमाला पाखराचा एवढा लोभ कवापासून, डाक्तर?"

"जंत सापडले म्हणून," जयदेव म्हणाले.

"जंत समद्यांच्या पोटात असतान. कोन दाखवते, कोन नाय." धर्मानं जाळं खांद्यावरून उतरवलं नाही. "पानी चढाया लागलंय. वाट बंद व्हायच्या आत निघा."

सखू उठली. तिनं आजोबांचं धोतर धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट वर, माळ्याकडे केलं. धर्मानं ते बोट आपल्या मुठीत घेतलं आणि तिला उचलून आत नेलं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारांची जीप ठाण्याच्या रस्त्याला न लागता दिवाळ्याकडे वळली. जयदेवांनी त्यासाठी काय काय विनवण्या केल्या ते त्यांनाच ठाऊक. जीपमध्ये मागं सुलेमान होता. हातात बेड्या, डोळे जमिनीला. रशिदा रस्त्याच्या कडेनं धावत आली होती. इसाक तिच्यामागं. गाव पाटलाच्या अंगणात गोळा झालं आणि कुणीतरी दगड उचलला.

"दगड खाली," फौजदार म्हणाले. "डॉक्टर, बोला. आणि थोडक्यात बोला."

जयदेवांनी बाटली काढली नाही. गावाला जंत दाखवून उपयोग नव्हता. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. जानूच्या मुठीतलं पाखरू बादशा नव्हतं, कारण त्याच्या पोटात जुने, वाढलेले जंत होते आणि बादशाला दर अवसेला औषध मिळत होतं. ते विकतचं पाखरू होतं, कारण पायांना काथ्याची खूण होती. ते इसाककडचं नव्हतं, पारधी तितराला जवळा घालत नाही. गोजरावहिनीकडचं नव्हतं, ते जितं आहे. तिसरं या घरात आलं होतं. सासू म्हणते रस्सा केला, सून म्हणते केला नाही, पाटील म्हणतात सुटलं.

"आणि बादशाला मारवेना," ते म्हणाले, "कारण तो ओ देतो. म्हणून तो अजून ह्याच घरात आहे. पहाटे तो साद घालतो तेव्हा टाळ वाजतात."

मग धर्मा पाटील हसले.

"डाक्तर, तुमी ओव्या बऱ्या जुलवतंव. टाल कुटला म्हनून मी खुनी? जानू मना पोरासारखा होता." ते फौजदारांकडे वळले. "घर बघायचं तं कागद आना, साहेब. पाटलाचे घरान पोलीस कागदाबिगर शिरला नाय कवा. गाव बघतंय."

गाव बघत होतंच. फौजदारांनी टोपी काढून घाम पुसला. जयदेवांकडे पाहून त्यांनी मान हलवली, नाही, अशी.

"एकच," जयदेव म्हणाले. "सुलेमानला एक हाक मारू द्या."

सुलेमानला खाली उतरवलं. रशिदानं त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, "बादशा हाय. मेला नाय तो. हाक मारा."

सुलेमाननं मान वर केली. पाच दिवसांत पहिल्यांदा. त्यानं ओठांचा चंबू केला. पण ओठ सुकून चिरले होते, शिट्टी फुटेना. नुसती हवा निघाली. पुन्हा प्रयत्न केला. पहिला सूर कसाबसा उमटला, 'क...', आणि तिथंच मोडला. त्याचे खांदे पडले.

घर शांत. माळा शांत.

"झाला?" धर्मा म्हणाले.

आणि ओटीवरून, उंबऱ्याच्या आतून, एक कोवळा, चिरका, कधीच न वापरलेला आवाज आला.

"कतीतर."

सगळे वळले. उंबऱ्यात सखू उभी होती. अर्धवट राहिलेली ती हाक तिनं पुरी केली होती. शेवंताबाईच्या हातातला तांब्या खाली पडून अंगणात लोळत गेला. पुतळा भिंत धरून दारापर्यंत आली, पोरीकडे पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला.

"कतीतर," सखू पुन्हा म्हणाली. मान वर करून, माळ्याकडे बघत. रोजचाच खेळ असल्यासारखी.

आणि माळ्यावरून, जुन्या जाळ्यांच्या ढिगाखालून, खणखणीत ओ आली.

कतीतर. कतीतर. कतीतर.

सुलेमान बेड्यांसकट गुडघ्यांवर बसला. गर्दीतल्या हातातला दगड कधी खाली पडला, ते कुणाला कळलं नाही.

धर्मा पाटील ओटीच्या कडेला बसले. एवढा उंच माणूस, बसल्यावर अगदी थोडा उरला.

"मारायचं नव्हतं जानूला," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. "येक वीत दार उचल म्हनलो. येक वीत. जिताडी मोरीशी लागली होती. तो आडवा आला. मी ढकलला. दगडावर पडला तो उठलाच नाय." त्यांनी तळहात पाहिले. "वर सुलेमान बांध उकरून गेलेला दिसला. त्यांचं भांडान साऱ्यांनी ऐकलेलं. त्याचे पडवीतून पिंजरा काढला. पाखरू हातान घेतला. आंगठा मानंवर ठेवला. तवा मना खोकला आला. मी खाकरलो, आनि त्यानं ओ दिली. मना ओ दिली, साहेब. मंग हात चालंना. सखू दिसाया लागली."

"म्हणून रश्शासाठी आणलेलं पाखरू घेतलंत," जयदेव हळूच म्हणाले.

"तो मुका होता. रानचा होता."

गोजरा गर्दीतून पुढं आली होती. ती धर्मासमोर उभी राहिली. साऱ्यांना वाटलं, ती हात उगारेल.

"आनि माजा जानू?" तिनं विचारलं. "त्यानं हाक मारली आसंल ना, बाबा? पडताना? त्याला ओ कोनी दिली?"

टाळ ओटीच्या कोपऱ्यात पडले होते.

इसाकनं माळ्यावरून बादशाला खाली आणलं. दोनदा मागितलेलं ते पाखरू त्यानं रशिदाच्या हातात दिलं. फौजदारांनी स्वतः सुलेमानच्या बेड्या सोडल्या, आणि त्याच बेड्या पाटलांच्या हातांकडे गेल्या तेव्हा ते म्हणाले, "साहेब, वाइच थांबा."

त्यांनी उंबऱ्याकडे तोंड केलं. आवाज लाडाचा काढला.

"सखू, माजी बाय. परत बोल ना. आज्यासाठी येकदा."

सखूनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. अंगणातून लांब जाणाऱ्या रशिदाच्या हातातल्या पाखराकडे ती बघत होती. तिनं ओठांचा चंबू केला आणि हाक मारली.

बांधाच्या वळणावरून, भाताच्या पिवळ्या ओंब्यांवरून, तिला ओ आली.